आर्डुइनोवर तापमान चुकीचं दिसतंय? आधी मल्टिमीटर लावा

आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर जोडलाय, खोलीत २८ अंश आहेत आणि स्क्रीनवर ३० दिसतात. की आकडा २७ ते ३१ असा नाचतोय? ही दुखणी वेगळी आहेत, उपायही वेगळे.

१. मीटरची काळी पिन बोर्डाच्या ग्राउंडवर, लाल सेन्सरचं आउटपुट जोडलेल्या ए० पिनवर ठेवा. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे २८ अंशांना २८०. मीटर तेवढं दाखवत असेल तर सेन्सर निर्दोष आहे.

२. आता ५ व्होल्टची पिन मोजा. यूएसबीवर तिथे ४.७ मिळणं अगदी सामान्य आहे. एडीसी (चिपमधला व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग) प्रत्येक व्होल्टेज या पुरवठ्याच्या तुलनेत मोजतो, प्रोग्राम मात्र ५ धरून बसतो. म्हणून २८ चे २९.८ होतात. प्रोग्राममध्ये ४.७ लिहिणं ही मलमपट्टी झाली, चार्जर बदलला की पुन्हा चूक. त्यापेक्षा तुलनेसाठी चिपमधलंच १.१ व्होल्टचं व्होल्टेज, म्हणजे इंटर्नल रेफरन्स, निवडा. ५ व्होल्टवर एडीसीच्या मोजणीची एक पायरी सुमारे अर्ध्या अंशाची पडते, इथे ती ०.१ अंशावर येते.

हा रेफरन्स चिपगणिक १.० ते १.२ असू शकतो. तो सुरू केल्यावर एरेफ पिनवर एकदा मोजा आणि तोच आकडा गणितात घाला. त्या पिनला बाहेरून व्होल्टेज देऊ नका, चिप जाईल. रेफरन्स बदलल्यानंतरची पहिली काही रीडिंग सोडून द्या.

(थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) किंवा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलायचा रेझिस्टर) त्याच ५ व्होल्टवर असेल तर हा खटाटोप नको. पुरवठा हलला तरी गुणोत्तर तेच राहतं.)

३. आकडा नाचत असेल तर संशय ग्राउंडवर घ्या. रिले किंवा मोटर सेन्सरच्याच ग्राउंड वायरवर असेल, तर ०.१ ओहमच्या वायरमधून २०० मिलिअँपिअर गेले तरी २० मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे थेट २ अंश! सेन्सरची ग्राउंड वायर वेगळी काढून बोर्डापर्यंत न्या. ब्रेडबोर्डमधली ढिली वायरही हेच करते. सेन्सरच्या पुरवठ्याच्या दोन पायांजवळ १०४ छापलेला (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर लावा.

तोच कपॅसिटर आउटपुटवर थेट लावू नका. ५० पिकोफॅरडपेक्षा जास्त भार आला की एलएम३५ डळमळू शकतो. लांब केबलनेही तेच होतं. तेव्हा आउटपुट आणि ग्राउंडमध्ये ७५ ओहमचा रेझिस्टर व १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये जोडा.

४. एका सेन्सरचा आकडा दुसऱ्यात डोकावतो? सिग्नलचा रेझिस्टन्स १० किलोओहमच्या आत ठेवा. प्रत्येक पिन दोनदा वाचा, पहिलं रीडिंग टाका.

सरासरी सगळ्यात शेवटी. घरच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणून २० मिलिसेकंदभर सलग रीडिंग घ्या. उनोवर एका रीडिंगला साधारण ०.११ मिलिसेकंद लागतात, तेव्हा १८० च्या आसपास रीडिंग होतील. त्यांची बेरीज प्रोग्राममधल्या १६ बिटच्या इंट या संख्याप्रकारात मावत नाही, लाँग हा मोठा प्रकार वापरा.