जावास्क्रिप्टमधला मराठी मजकूर पायथॉनने बाहेर काढायचा तर

गेल्या चवथीआधी माझ्याकडे एक काम आलं. गावोगावच्या जत्रांना आणि काल्यांना होणाऱ्या नाटकांचं वेळापत्रक दाखवणारी साइट. सगळा मजकूर मराठीत, आणि सगळा थेट जावास्क्रिप्टच्या पोटात लिहिलेला: बटणावरचे शब्द, गावांची नावं, 'आज नाटक नाही' अशा सूचना. तीच साइट आता कोंकणीत आणि इंग्रजीतही हवी होती. म्हणजे दोनशेच्या वर फायलींतून प्रत्येक वाक्य हुडकून तक्त्यात काढायचं आणि त्याच्या जागी एक की (त्या वाक्याचं ओळखनाव) ठेवायची. माझा हात पायथॉनवर बसलेला, म्हणून हे काम पायथॉनमधूनच करायचं ठरवलं.

पहिला दिवस मी रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे मजकुरात ठरावीक पॅटर्न शोधण्याच्या सूत्रांवर, घालवला. तुम्ही तो घालवू नका. अवतरणचिन्हांमधलं सगळं उचलायला सांगितलं, तर कॉमेंटमधलं एकटं अवतरणचिन्ह पुढच्या चाळीस ओळी गिळून टाकतं. आधी कॉमेंट काढून टाकाव्यात, तर स्ट्रिंगमधल्या (अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरातल्या) वेबपत्त्यातल्या दोन तिरक्या रेघाही कॉमेंटच वाटतात. जावास्क्रिप्टमध्ये तिरकी रेघ भागाकाराची की पॅटर्नची, हे मागचा संदर्भ पाहिल्याशिवाय कळत नाही. भाषा वाचायला त्या भाषेचं व्याकरण जाणणारा पार्सरच लागतो.

इथे एक गोष्ट आधी ठरवा: तुम्हाला कोड वाचायचा आहे की चालवायचा आहे? चालवून उत्तर हवं असेल तर जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन पोटात घ्यावं लागतं. फाब्रिस बेलार यांचं २०१९ सालचं क्विकजेएस त्यासाठी आटोपशीर आहे. ते सी या भाषेत लिहिलेलं आहे, आणि परका कोड चालवताना मेमरीवर मर्यादाही घालता येते. मला मात्र कोडची रचना हवी होती, कुठली स्ट्रिंग कुठे सुरू होते आणि कुठे संपते एवढीच. त्यासाठी मी ट्री-सिटर हे साधन घेतलं. ते कोड पार्स करून त्याच्या रचनेचं झाड बनवतं, आणि त्या झाडातला प्रत्येक तुकडा म्हणजे नोड. मॅक्स ब्रन्सफेल्ड यांनी ते ॲटम एडिटरसाठी सुरू केलं. त्याचा गाभाही सीमध्येच आहे. पायथॉनचं बाइंडिंग म्हणजे त्या गाभ्यावरचा पातळ थर. वेगळी प्रोसेस उघडावी लागत नाही की झाडाचं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) करून इकडून तिकडे पाठवावं लागत नाही.

पिपने (पायथॉनची पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाने) दोन पॅकेजेस घ्या, ट्री-सिटर आणि ट्री-सिटर-जावास्क्रिप्ट. पॅकेजच्या नावात आडवी रेघ असते, इम्पोर्ट करताना मात्र अंडरस्कोअर. नेहमीच्या मशीनसाठी तयार बांधलेली व्हील फाइल उतरते, त्यामुळे सी कंपायलर लागत नाही. पावसात नेट जातं म्हणून मी व्हील्स आधीच एका फोल्डरात उतरवून ठेवते. जुन्या लेखांत 'बिल्ड लायब्ररी' नावाचं फंक्शन दिसेल. नव्या आवृत्त्यांत ते काढून टाकलेलं आहे, त्याच्या मागे लागू नका. जावास्क्रिप्ट पॅकेजच्या लँग्वेज फंक्शनमधून जे मिळतं ते लँग्वेज क्लासला द्या, ती लँग्वेज पार्सरला द्या, आणि पार्सरला फाइलचे बाइट्स द्या. क्वेरी (झाडातून हवे ते नोड मागायची विनंती) चालवायची पद्धत आवृत्तीगणिक बदललेली आहे, तेव्हा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये आवृत्ती बांधून टाका.

फाइल टेक्स्ट म्हणून नव्हे, बायनरी म्हणूनच उघडा. माझी दोन रात्रींची झोप याच एका गोष्टीने गेली. पार्सर जे स्टार्ट बाइट आणि एंड बाइट देतो ते खरोखर बाइट असतात, अक्षरं नव्हेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'फोंडा' लिहायला फ, ओकार, अनुस्वार, ड आणि काना अशी पाच चिन्हं लागतात, म्हणजे पंधरा बाइट. तेच आकडे पायथॉनच्या स्ट्रिंगला लावलेत, तर 'फोंडा' ओलांडल्यावर दहा घरांची चूक पडते, आणि पुढच्या प्रत्येक मराठी शब्दाने ती वाढते. फाइल निव्वळ रोमन लिपीत असेल तर दोन्ही मोजण्या जुळतात, आणि सगळ्या चाचण्या पास होतात. आपल्या लिपीतला मजकूर आला की मगच हा दोष बाहेर पडतो. म्हणून चाचणीच्या फायलींत पहिल्या ओळीपासून देवनागरी ठेवा. कॉलमचा आकडाही बाइटमध्येच असतो आणि ओळी शून्यापासून मोजलेल्या असतात. अनुवादकाला ओळ कळवताना त्यात एक मिळवा.

झाडात फिरण्यासाठी मी आधी स्वतःला हाक मारणारं फंक्शन लिहिलं. एका फाइलीत अधिकचं चिन्ह लावून जोडलेली खूप लांब यादी होती. अशी बेरीज डावीकडे आत आत रुतत जाते, आणि पायथॉनने रिकर्शनची मर्यादा दाखवून काम थांबवलं. शिवाय प्रत्येक नोडसाठी पायथॉनचं एक ऑब्जेक्ट तयार होतं, आणि सी व पायथॉन यांच्यामध्ये अशा लाखो फेऱ्या झाल्या की सीचा वेग वाया जातो. त्यापेक्षा क्वेरी द्या: स्ट्रिंग, टेम्प्लेट स्ट्रिंग (जिच्यामध्ये व्हेरिएबल घालता येतं ती) आणि जेएसएक्स टेक्स्ट हे तीन प्रकार. शोध सीमध्येच होतो, पायथॉनकडे फक्त सापडलेलं येतं. तिसरा प्रकार विसरू नका. रिॲक्ट या लायब्ररीत जावास्क्रिप्टमध्येच टॅग लिहितात (तेच जेएसएक्स), त्या टॅगांमधला मजकूर स्ट्रिंग नसतो, आणि आमच्या साइटची निम्मी वाक्यं तिथेच होती.

आता चाळणी. यूनिकोडच्या ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यातलं चिन्ह असेल तर ठेवा. पण एका जुन्या फाइलीत मराठी अक्षरं एस्केप करून लिहिलेली होती, 'प' च्या जागी बॅकस्लॅश यू आणि ०९२ए. ती डोळ्यांना रोमन दिसतात, चाळणीलाही. त्यामुळे आधी एस्केप उलगडा, मग चाळा.

देवनागरी आहे म्हणून प्रत्येक स्ट्रिंग अनुवादाची असते असंही नाही. गावाचं नाव 'फोंडा' आहे का, अशी तुलना कोडमध्ये असेल आणि तिथला शब्द बदलला, तर फोंड्याची नाटकं यादीतून नाहीशी होतील. म्हणून पॅरेंट नोड पाहा. तो तुलनेचा, स्विचच्या केसचा किंवा ऑब्जेक्टच्या कीचा असेल, तर वेगळ्या यादीत टाका आणि माणसाने तपासा. टेम्प्लेट स्ट्रिंगचे तुकडे करून अनुवादाला पाठवू नका. मधल्या व्हेरिएबलच्या जागी खूण ठेवून सबंध वाक्य द्या, कारण इंग्रजीत शब्दांचा क्रम वेगळा लागतो.

बदल लिहिताना फाइलीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे या. वरून खाली गेलात तर पहिल्याच बदलाने पुढचे सगळे आकडे सरकतात. जेएसएक्स टेक्स्टच्या आणि जेएसएक्स ॲट्रिब्यूटच्या जागी, कीवरून अनुवाद आणून देणाऱ्या फंक्शनची हाक महिरपी कंसात घालावी लागते. साध्या स्ट्रिंगला कंस लागत नाही. स्ट्रिंग नोडमध्ये तिची अवतरणचिन्हं धरलेली असतात, हेही लक्षात असू द्या.

लिहून झालेली प्रत्येक फाइल पुन्हा पार्स करा. ट्री-सिटर चुकीच्या कोडवर एक्सेप्शन टाकत नाही, एरर नोड घालून झाड पुरं करतं. तेव्हा मूळ नोडचं 'हॅज एरर' स्वतः विचारावं लागतं. मी ते बदलाआधीही विचारते आणि नंतरही. आधीच एरर सांगणाऱ्या तीन फायली निघाल्या, त्या मी स्क्रिप्टबाहेर काढून रायबंदरच्या फेरीबोटीत बसून हातानेच केल्या.