फाल्क्सने रोमन चिलखत खरंच फुटतं का? टेस्ट कशी लावायची आणि कशी बघायची

फाल्क्सचे (रोमन लोकांशी लढलेल्या डेसियन लोकांचं वाकडं हत्यार) व्हिडिओ बघितले असतीलच, एक धिप्पाड गडी दोन हातांनी वाकडं पातं उगारतो, लोखंडी टोपाला भोक पाडतो आणि खाली कमेंटमध्ये सगळे लिहितात की रोमन लोकांची पार तंतरली होती. यातलं अर्धंच खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते कळायचं तर टेस्ट नीट लावावी लागते. स्वतः करणार असाल तरी आणि नुसतं दुसऱ्याची बघून वाद घालणार असाल तरी पुढचं सगळं लागू आहे.

आधी पातं कुठलं ते ठरवा. डेसियन लोकांकडे, म्हणजे साधारण आजच्या रोमानियातले, वाकडी हत्यारं दोन प्रकारची होती. एक सिका, एका हातात मावणारी छोटी, आणि दुसरं दोन हातांनी धरायचं मोठं फाल्क्स. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. 113) बहुतेक छोटंच दिसतं, डेसियन लोकांचा राजा डेसिबालस शेवटी झाडाखाली गुडघ्यावर बसून गळ्याला लावतो तेही छोटंच. मोठं बघायचं असेल तर रोमानियातच अ‍ॅडमक्लिसी इथलं इ.स. 109 चं रोमन विजयस्मारक बघा. दोन्हीची धार आतल्या बाजूला, आपल्या कोयत्यासारखी. त्यामुळे कुणी तलवारीसारखी बाहेरून धार लावलेलं पातं घेऊन 'फाल्क्स टेस्ट' म्हणत असेल तर व्हिडिओ तिथेच बंद करा.

आता चिलखत. गंमत म्हणजे जगभरातले रोमनवेडे लोक जे घालतात त्यातला बराच माल आपल्याच मेरठ-देहरादूनकडे बनतो, आणि दिसायला झकास असला तरी स्वस्तातल्या कड्यांच्या चिलखतात कड्या नुसत्या वळवून तोंडाला तोंड लावलेल्या असतात, त्या कुठल्याही टोकाने उघडतात. खऱ्या हमाटात (रोमन लोकांचं कड्यांचं चिलखत) एक ओळ अखंड कड्यांची आणि पुढची ओळ रिव्हेट मारलेल्या कड्यांची असायची, हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पट्ट्यांचं चिलखत, म्हणजे सेगमेंटाटा, साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचं लोखंड. आजचा माइल्ड स्टीलचा पत्रा सगळीकडे सारखा असतो, तेव्हाच्या लोखंडात मळी अडकलेली असायची, एका जागी कडक तर शेजारी मऊ. म्हणून एकाच घावावर निकाल लावू नका, वेगवेगळ्या जागी मारा आणि पत्र्याची जाडी लिहून ठेवा.

बहुतेक टेस्ट बिघडतात त्या टार्गेटमुळे. जमिनीत गाडलेल्या खांबाला टोप घातला की घावाची सगळी ताकद लोखंडावरच खर्ची पडते, पण जिवंत माणूस मागे सरकतो, त्याची मान वाकते, गुडघे मोडतात. तर वाळूचं पोतं दोरीने टांगा, त्यावर शाडूचा जाड थर, त्यावर जुनी गोधडी दोन-तीन घड्या करून (रोमन सैनिकही चिलखताखाली जाड कपडा घालायचे) आणि सगळ्यात वर चिलखत. आणि ढाल लावा बाबांनो! लीजनचा (रोमन फौजेची मोठी तुकडी) शिपाई स्क्युटमच्या, म्हणजे मोठ्या ढालीच्या, मागे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लपलेला असायचा, आणि व्हिडिओत तीच नेमकी गायब असते. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे तीन थर उभे-आडवे चिकटवलेले, सीरियातल्या दुरा-युरोपॉसला सापडलेली ढाल तर जेमतेम 5-6 मिलिमीटर जाड आहे, त्यामुळे साध्या प्लायवूडची करून घेता येते.

मग तीन प्रकारचे घाव वेगवेगळे मारा. पहिला धारेने, सरळ पत्र्यावर. पोचा पडतो, ओरखडा उठतो, पातं घसरून जातं. दुसरा धारेने, रिव्हेटच्या कड्यांवर. कापलं फारसं जात नाही, पण मार आतपर्यंत पोचतो आणि शाडू दबलेला दिसतो, खरा माणूस असता तर हाड गेलं असतं. तिसरा घाव टोकाने, ढालीच्या वरच्या काठावरून, आणि फाल्क्सचा खरा खेळ इथेच आहे. सरळ तलवार काठावर अडते, पण हे पातं वाकडं असल्यामुळे काठ ओलांडूनही टोक पलीकडे खाली उतरतं आणि डोक्यावर नाहीतर खांद्यावर बसतं. टोक काटकोनात बसलं तर पत्रा फुटतो, कारण दोन हातांचा सगळा जोर एका टिंबावर आलेला असतो. तिरकं बसलं तर काही नाही, नुसती ठिणगी. आणि फुटल्यावर पातं अडकतं, ते ओढून काढायला किती वेळ लागतो तेही मोजा, कारण दोन्ही हात गुंतलेल्या माणसाकडे स्वतःची ढाल नाही आणि शेजारचा रोमन आखूड तलवार घेऊन उभाच आहे. फूटभर आत आलेला ग्लॅडियस, म्हणजे ती आखूड तलवार, व्हिडिओत कधीच दिसत नाही.

टेस्ट झाली की ती पुराव्याशी ताडून बघा, आणि माझ्या मते सुरुवात पात्यापासून नाही तर रोमन लोकांनी काय बदललं तिथून करावी. टोपावर लोखंडाच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या आडव्या ठोकलेल्या दिसतात, म्हणजे मार वरून येत होता. अ‍ॅडमक्लिसीच्या शिल्पांत शिपायांच्या उजव्या हाताला पट्ट्यापट्ट्यांची मॅनिका, म्हणजे हातावरचं चिलखत, आहे आणि नडग्यांना संरक्षण, म्हणजे ढालीबाहेर जे राहतं तेच तुटत होतं. छातीचा पत्रा दुप्पट जाड केल्याचं कुठे दिसत नाही! तुमच्या टेस्टमध्ये छाती फाटली आणि हात शाबूत राहिला तर टेस्टच तपासा.

अजून एक, अ‍ॅडमक्लिसीचे शिपाई कड्यांच्या आणि खवल्यांच्या चिलखतात आहेत, सेगमेंटाटात नाहीत. ट्राजनच्या स्तंभावर मात्र सेगमेंटाटाच सेगमेंटाटा. स्तंभ रोममध्ये घडला, अ‍ॅडमक्लिसी डॅन्यूबच्या मुलखात, आणि मी तरी दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवीन. तेव्हा फक्त पट्ट्यांवर टेस्ट करून 'रोमन चिलखत' असा निकाल देऊ नका. भीती होती हे मात्र नक्की, कारण फ्राँटो नावाचा रोमन लेखक दुसऱ्या शतकात लिहितो की डेसियन कोयत्यांच्या भयंकर जखमा बघितलेल्यांना पार्थियन (इराणकडच्या साम्राज्यातले) लोकांच्या बाणांचं काही वाटेना. पण 106 पर्यंत डेसिया रोमचा प्रांत झालेला होता, हेही कमेंटमध्ये टाकायला विसरू नका.

करताना गॉगल लावा, लोकांना लांब उभं करा, मूठ आणि पात्याचा जोड प्रत्येक घावानंतर तपासा, कारण जोड सुटला तर पातं कुठेही जातं. आपल्याकडे असं लांब धारदार पातं बाळगायला लायसन्स लागू शकतं, आधी पोलीस स्टेशनला विचारा. आणि निकाल लिहिताना नुसतं 'फुटलं' नको, धारेने की टोकाने, कड्या रिव्हेटच्या की नुसत्या वळवलेल्या, शाडूत किती खोल गेलं हे सगळं हवं. ढाल न लावता केलं असेल तर तेही थंबनेलवरच लिहा.