जुन्या कॅमेऱ्यातून चांगले छायाचित्र : झाडीपट्टीत काम सुरू करणाऱ्यांसाठी

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या ब्रह्मपुरी, वडसा, सिंदेवाही या भागांत लग्नांची आणि नाटकांची छायाचित्रे काढण्याचे काम शिकू पाहणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा कुणाकडून तरी घेतलेला जुना डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) असतो आणि कर्ज काढून नवा कॅमेरा घ्यावा काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझे मत असे, की पहिले दोन हंगाम तरी असे कर्ज काढू नये. मी आजही निकॉन डी९० वर काम करतो. हा कॅमेरा २००८ साली बाजारात आला आणि त्याचे छायाचित्र १२.३ मेगापिक्सेलचे, म्हणजे सुमारे १२३ लाख पिक्सेलचे (ठिपक्यांचे) असते. पुढे लिहिले आहे ते याच कॅमेऱ्याच्या अनुभवावरून. पण त्या काळातील इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनाही ते बहुतांशी लागू पडेल.

मेगापिक्सेलची चिंता आधी सोडावी. सहा बाय चार इंचाची प्रत इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छापायला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, म्हणजे २२ लाखांपेक्षाही कमी. अल्बमच्या १२ बाय १८ इंचांच्या पानभर एकच छायाचित्र लावले, तरी डी९० चे ४२८८ पिक्सेल इंचाला २३८ पडतात आणि अल्बम हातात धरून पाहणाऱ्याला त्यात काही उणे जाणवत नाही. मात्र दुरून काढून नंतर कापून मोठे करण्याची सवय इथे चालत नाही. दोन पावले पुढे जाऊन चौकट तिथल्या तिथे भरावी.

जुन्या कॅमेऱ्याचे चित्र मळकट येते अशी तक्रार घेऊन कुणी आले, की मी प्रथम लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार पाहतो. पुष्कळदा समोरच्या काचेवर बोटांचा तेलकट थर असतो, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणामुळे आत बुरशीचे बारीक जाळे धरलेले असते. थर मऊ कापडाने निघतो. आतली बुरशी मात्र कारागिराकडूनच काढून घ्यावी लागते. म्हणून पावसाळाभर लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. सेन्सरवरची (लेन्समागच्या, चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची) धूळ तपासायची असेल, तर लेन्सचे तोंड बारीक करून, म्हणजे एफ १६ ठेवून (एफचा आकडा जितका मोठा, तितके तोंड बारीक), निरभ्र आकाशाचे छायाचित्र काढावे आणि ते संगणकावर मोठे करून पाहावे. करडे ठिपके दिसले तर मेनूमधून सेन्सरपुढचा आरसा वर करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून हवेच्या फुग्याने धूळ उडवावी. या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली असावी, कारण मध्येच ती संपली तर आरसा खाली येतो. तोंडाने कधीही फुंकू नये. आणि धानाच्या मळणीच्या दिवसांत थ्रेशरजवळ उभे राहून लेन्स बदलू नये, हे तर मी प्रत्येकाला बजावून सांगतो.

खरी कसोटी नाटकात लागते. झाडीपट्टीतले नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, मंडपात उजेड कमी असतो आणि चालू प्रयोगात फ्लॅश मारणे हा कलावंतांचा अवमान आहे. कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स पुढे ओढली, की तिचे तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली, तर सेन्सरपर्यंत नऊ-दहा पट उजेड पोहोचतो. जिथे आयएसओ (सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेचा आकडा) ३२०० लागत होता, तिथे ४०० वर भागते. जुन्या सेन्सरवर हा फरक नायिकेच्या गालावर स्पष्ट दिसतो : एकीकडे रवाळ ठिपके, दुसरीकडे रंगभूषेचा थरसुद्धा ओळखू येतो. डी९० मध्ये फोकसची मोटर कॅमेऱ्यातच असल्यामुळे जुनी, स्वस्तात मिळणारी एएफ-डी लेन्सही (जिच्यात स्वतःची मोटर नसते) त्यावर आपोआप फोकस करते. निकॉनच्याच डी४० किंवा डी३१०० मध्ये ही मोटर नाही. लेन्स विकत घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. नव्या कॅमेऱ्यासाठी पैसे साठवणाऱ्याने त्यातले पहिले पैसे या लेन्सवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगतो.

रंगमंचावरचा दुसरा शत्रू म्हणजे लाल आणि निळे एलईडी दिवे. लाल झोतात लाल नऊवारी नेसलेली नायिका उभी राहिली, की साधा हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-काळोख डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) सगळे ठीक असल्याचे दाखवतो, पण लाल रंगाचा वेगळा आलेख मात्र उजव्या टोकाला जाऊन आदळलेला असतो आणि लुगड्याच्या निऱ्या, काठ, चुण्या जाऊन नुसता सपाट लाल डाग उरतो. त्यासाठी तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी आणि लाल आलेख टोकाला भिडत असेल तर एक्स्पोजर (चित्रात येणारा उजेड) थोडे कमी करावे. ट्यूबलाइटखाली छायाचित्रात आडवे काळपट पट्टे येत असतील, तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंद उघडे ठेवावे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

तरीही उजेड कमी पडला, तर आयएसओ वाढवण्यास भिऊ नये. आयएसओ ४०० वर काळोखे काढून नंतर संगणकावर उजळलेल्या चित्रापेक्षा १६०० वर योग्य उजेडात काढलेले चित्र बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत अधिक स्वच्छ येते. उजळताना सावल्यांतला सगळा रवा वर येतो.

छायाचित्र रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढावे. डी९० ची रॉ फाइल १२ बिटची असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या; जेपेग या नेहमीच्या फाइलमध्ये त्या २५६ उरतात. मे महिन्याच्या लग्नात गुलाबी-पिवळ्या कापडी मंडपाची झाक नवरीच्या चेहऱ्यावर उतरते, ती नंतर काढायची तर या जास्तीच्या पायऱ्या उपयोगी पडतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे संगणकावर रॉ फाइल सुधारण्याचे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत आणि त्यांतली रवा कमी करण्याची साधने कॅमेऱ्याच्या आत २००८ साली बसवलेल्या प्रक्रियेपेक्षा कितीतरी सरस आहेत. मात्र ती जपून वापरावीत. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या, तर घरच्यांना ती आजी वाटत नाही.

अल्बम छापायला देण्यापूर्वी चार-पाच छायाचित्रांच्या सहा बाय चारच्या प्रती त्याच लॅबमधून काढून घ्याव्यात. संगणकाचा पडदा अतिशय उजळ ठेवून काम केले असेल, तर या प्रती काळवंडलेल्या येतात. अशा वेळी पडद्याचा उजेड त्यांच्याशी जुळेपर्यंत कमी करावा आणि मगच उरलेली छायाचित्रे हाती घ्यावीत.