नवा हलका फ्लाय रॉड घेतलाय? काठीला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

खानापूरच्या मलप्रभेपासून निपाणीकडच्या वेदगंगा-दूधगंगेपर्यंत आपल्या सीमाभागात गळ टाकणाऱ्यांची कमी नाही. चिव्याची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि डोहाच्या काठाला निवांत बैठक. या सरावात वाढलेल्या माणसानं पहिल्यांदा हलका फ्लाय रॉड, म्हणजे पिसांचं नकली आमिष फेकायची काठी, हातात घेतला की तास-दोन तासांत निकाल लागतो: ‘काठीत दम नाही, लाईन पुढं जातच नाही.’ कुणाचा रॉड तर पहिल्याच आठवड्यात टोकाशी मोडतो आणि माल खराब होता असं ठरतं.

खराब माल कधीतरी निघतोही. पण बहुतेक वेळा रॉड चांगला असतो. चुकते ती लाईन, जोडणी, हाताची वेळ, नाहीतर घरातली हाताळणी. यातलं जवळपास सगळं पैसे न घालवता सुधारता येतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तंगूस भरून फेकायला जाऊ नका

ही सर्वात मोठी चूक आणि सर्वात जास्त आढळणारीही. नेहमीच्या गळाला शिसं असतं. आपण शिसं फेकतो आणि तंगूस त्याच्यामागून जातो. फ्लायचं तसं नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या त्या कणभर आमिषाला सांगण्यासारखं वजनच नसतं. इथं वजन असतं लाईनला. जाड, प्लॅस्टिकचा लेप असलेली फ्लाय लाईन मागं जाते, आपल्या भारानं रॉड वाकवते, आणि रॉड सरळ होताना तीच लाईन पुढं झेपावते. फ्लाय नुसती तिच्या शेपटाला असते. तंगूस भरलात तर रॉड वाकायला कारणच उरत नाही. मग तुम्ही कितीही जोर लावा, सगळं पायाशी येऊन पडणार.

म्हणून मुठीच्या जरा वर, नळीवर बारीक अक्षरात लिहिलेला आकडा आधी वाचा. ‘९ फूट, ४ वेट’ असं काहीतरी असतं. हा ४ म्हणजे लाईनचा नंबर, रॉडच्या स्वतःच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. लाईनच्या पुढच्या ३० फुटांच्या वजनावरून हे नंबर ठरलेले आहेत: ३ नंबरची सुमारे साडेसहा ग्रॅम, ४ ची पावणेआठ, ५ ची नऊ ग्रॅमच्या थोडी वर, ८ ची साडेतेरा. ‘लाईटवेट’ म्हणून विकला जाणारा रॉड हाताला पिसासारखा लागेल, तरी तो ८ वेटचा असू शकतो. आणि तसा रॉड अर्ध्या वितीच्या चिलापीसाठी घेतलात तर त्यात ना फेकण्याची मजा ना मासा लागल्याची.

माझं मत विचाराल तर आपल्याकडं सुरुवातीला ५ वेट घ्या. हिडकलसारख्या उघड्या जलाशयावर दुपारनंतर वारा सुटला की ३ वेटची लाईन जागेवर राहत नाही. ३ आणि ४ वेट ओढ्या-नाल्यांसाठी, सकाळच्या शांत पाण्यासाठी आणि लहान माशांसाठी छान. मरळीच्या मागं जायचं असेल तर यातलं काहीच नको. तिला शेवाळातून खेचून काढायला ८ वेट लागतो.

रॉड ४ चा आणि लाईन ६ ची, कारण ती स्वस्तात मिळाली, हेही टाळा. एका नंबरानं जड लाईन चालून जाते, जवळच्या फेकीला नवशिक्याला मदतच होते. दोन-तीन नंबरांचा फरक पडला की हलका रॉड अर्ध्यावरच मान टाकतो.

जोड हलक्या हातानं, पण पक्के

हलके रॉड बहुधा चार तुकड्यांचे असतात, म्हणजे बसमधून नाहीतर बाईकवरून न्यायला सोपे. बरेच रॉड मोडतात ते या जोडांपाशीच, आणि जोड ढिला राहिल्यामुळं.

जोडताना टोकाकडून सुरुवात करा. दोन तुकड्यांवरच्या लाईन ओवायच्या कड्या एका रेषेत न ठेवता पाव फेरा तिरक्या धरा, तुकडा आत सरकवा, आणि शेवटच्या बोटभर अंतरात हलकेच फिरवत कड्या एका रेषेत आणा. या फिरवण्यानंच जोड धरतो. नुसता सरळ खुपसलेला जोड पंधरा-वीस मिनिटांच्या फेकीत सैल होतो. मग बाहेरच्या नळीच्या काठावरच सगळा ताण येतो आणि ती उभी चिरते. फेकताना ‘टक्’ असा बारीक आवाज यायला लागला, हाताला कुठंतरी ठेच लागल्यासारखं झालं, की तिथंच थांबा आणि सगळे जोड तपासा. एरवीही अर्ध्या तासानं एकदा बोटांनी चाचपून बघायची सवय लावा. जोडात वाळूचा कण गेला असेल तर फडक्यानं पुसल्याशिवाय बसवू नका.

जोड अडकून बसला तर दोन्ही बाजूंनी पिळू नका, आणि कड्यांना धरून तर मुळीच ओढू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे घ्या, जोडाच्या अलीकडं-पलीकडं घट्ट पकडा आणि सरळ रेषेत ओढा. एकट्यानं जमत नसेल तर रॉड गुडघ्यांच्या मागं आडवा धरा, हात गुडघ्यांच्या बाहेर ठेवा, आणि हात न हलवता गुडघे बाहेर ढकला. ताण सरळ बसतो आणि जोड सुटतो.

पंखा, गाडीचं दार आणि विजेची तार

नवा रॉड घरी आला की हॉलमध्येच जोडला जातो. काका, मामा, शेजारचा पोरगा, सगळे हातात घेऊन झुलवून बघतात. वर पंखा फिरत असतो. ९ फुटांची काठी उभी केली की टोक थेट पात्यात. जोडायचा तर अंगणात जोडा. ‘किती वाकतो बघू’ म्हणून टोक चिमटीत धरून कुणाला वाकवू देऊ नका. पाण्यावर ताण संपूर्ण रॉडवर पसरतो, चिमटीत धरला की तो सगळा टोकाच्या वितीभर भागात एकवटतो. गाडीच्या दारातही असंच होतं, म्हणून नदीवर पोचल्यावर रॉड सगळ्यात शेवटी काढा आणि निघताना सगळ्यात आधी आत ठेवा.

तारेचं मात्र जीवावर बेतणारं आहे. हे रॉड कार्बनचे असतात आणि कार्बन विजेचा वाहक आहे. आपल्या नद्यांच्या काठाला पंपसेटच्या तारा गेलेल्या असतात, उसाच्या शेतात तर कुठं कुठं त्या झोळ पडून खाली आलेल्या असतात. उभं राहून हात वर केला तर ९ फुटी रॉडचं टोक १५-१६ फुटांवर जातं. बांधावरून चालताना नजर पायाखाली असते, वर कुणी बघत नाही. तारांखालून जायचं असेल तर रॉड सोडवून, तुकडे हातात घेऊनच जा. तारेच्या आसपास फेकायचं नाहीच, लाईन ओली असते हेही लक्षात घ्या. आणि एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट लांबून जरी ऐकू आला, तरी रॉड खाली ठेवून पाण्यापासून आणि झाडापासून दूर व्हा. मासे खूप लागत असले तरीही.

हात जोरात, लाईन मात्र पायाशी

हलक्या रॉडला जोर चालत नाही. जोर लावला की टोक मधेच खाली दबतं, लाईनचा फास स्वतःलाच अडकतो आणि लीडरला, म्हणजे फ्लाय लाईनच्या पुढं बांधलेल्या बारीक दोऱ्याला, गाठी बसतात. लोक त्याला वाऱ्याच्या गाठी म्हणतात, पण वारा नसतानाही त्या पडतात. अशी गाठ दिसली की तो तुकडा कापून टाका. तशीच ठेवली तर बरा मासा लागल्यावर लीडर नेमका तिथंच तुटतो.

सराव पाण्यावर करू नका. बेळगावात राहत असाल तर सकाळी व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या गवतावर जा. फ्लायऐवजी लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधा, म्हणजे कुणाच्या डोळ्याला-कानाला गळ लागायची भीती नाही. घराची गच्ची जवळ असते, पण सिमेंटवर लाईनचा लेप घासून निघतो. टोकाबाहेर २०-२५ फूटच लाईन काढा. रॉड मागं नेऊन ताठ थांबवा आणि मान वळवून लाईनकडं बघा. ती मागं पूर्ण उलगडली की मगच पुढं या. सगळी गोम या थांबण्यात आहे. लाईन जितकी लांब तितकं थांबणं जास्त.

कानांवर विश्वास ठेवा. मागून आसूड ओढल्यासारखा आवाज आला तर तुम्ही घाईनं पुढं आलात, आणि फ्लाय तुटून गेली असण्याची शक्यता मोठी. लाईन पुढं जाऊन ढिगासारखी पडत असेल तर पुढं रॉड थांबवलेलाच नाही, टोक पाण्यापर्यंत नेलंत, किंवा मनगट मोडतंय. हे सगळं बरोबर असूनही शेवटचे चार-पाच फूट नीट उलगडत नसतील तर फ्लाय त्या लीडरला जड आहे. ९ फुटांचा निमुळता लीडर आणि पुढं ४ एक्स किंवा ५ एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा तुकडा), म्हणजे साधारण ०.१८ किंवा ०.१५ मिलिमीटर जाडीचा, चिलापीला आणि लहान माशांना पुरतो.

जड मणी असलेली फ्लाय ३-४ वेटवर न वापरलेली बरी. फेकताना ती रॉडवर आपटते. रॉड हलका असतो तो जास्त ताठ जातीच्या कार्बनमुळं. तो कमी लागतो, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. अशी भिंत वाकायला मजबूत असते, पण ठोका सोसत नाही. मण्याचा एक टोला बसला की डोळ्याला न दिसणारी चीर पडते, आणि पुढं कधीतरी लहानशा माशालाही रॉड मोडतो. लोक माशाला नाहीतर कंपनीला दोष देतात, मार मात्र आधीच बसलेला असतो.

मागं ऊस असेल तर

दूधगंगेकाठी, हिरण्यकेशीकाठी ऊस थेट पाण्यापर्यंत येतो. मागं लाईन नेली की पाचटात अडकते. तिथं रॉडला झटके देऊ नका, मागं जाऊन हातानं सोडवा. अशा जागी रोल कास्ट शिकून घ्या: लाईन पाण्यावरून हळूहळू जवळ ओढायची, रॉड खांद्याशी आणून क्षणभर थांबायचं, लाईनचा झोळ खांद्यामागं लोंबू द्यायचा आणि मग पुढं मारून थांबवायचं. हे गवतावर नीट जमत नाही, कारण लाईनला पाण्याची पकड लागते. मैदानावर जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यावर करून बघा.

गळ दगडात आणि मासा गळाला

गळ दगडात अडकला तर रॉड वाकवून उपसायचा प्रयत्न नको. रॉड थेट अडकलेल्या जागेकडं रोखा, हाताला रुमाल गुंडाळा, लाईन धरून सरळ मागं या. तोंड बाजूला ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या, सुटलेली फ्लाय गोळीसारखी परत येते.

मासा लागल्यावर हलका रॉड कमानीसारखा वाकतो. ते बघून घाबरायचं कारण नाही, बारीक टिपेट तुटू नये म्हणून तो तसा वाकायलाच केलेला असतो. धोका शेवटच्या क्षणाला असतो. मासा पायाशी येतो, एका हातात जाळी असते, आणि दुसरा हात रॉड घेऊन डोक्याच्या मागं जातो. आता बुडखा काहीच काम करत नाही, टोक एकट्यानं दुमडतं आणि मोडतं. रॉडच्या लांबीइतकी लाईन बाहेर राहू द्या, रॉड बाजूला आडवा कलता ठेवा आणि स्वतः एक-दोन पावलं मागं सरा. दुसरा हात नळीच्या मध्यावर धरून रॉडला आधार देणंही टाळा, त्यानं ताण वरच्या भागावरच पडतो.

कुठं टाकायचा

नवा रॉड हातात आला की कुठंही उतरावंसं वाटतं. खानापूर तालुक्यातलं भीमगड आणि पलीकडचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र संरक्षित आहे, तिथं गळ नाही. तलाव आणि जलाशयांतली मासेमारी ठेक्यानं किंवा परवान्यानं दिलेली असते, म्हणून आधी विचारा. बहुतेक वेळा एकटा काठीवाला बघून कुणी नाही म्हणत नाही. देवळाच्या घाटावर लोक माशांना खाऊ घालतात, तिथं अजिबात नको. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला चढणीला लागतात, तेव्हा त्यांना जाऊ द्या.

पाऊस लागण्याआधी

आपल्याकडचा ओलावा रॉडला वाईट. ओला रॉड नळकांड्यात बंद केला की बुचाच्या मुठीला बुरशी येते आणि कड्यांच्या दोऱ्यावरच्या व्हार्निशला फोड येतात. पुसून, रात्रभर घरात मोकळा ठेवून मगच आत घाला. डास पळवायचं मलम लावलं असेल तर हात धुऊन लाईन धरा, त्यातलं डीट नावाचं रसायन लाईनचा लेप खातं. हंगाम संपला की लाईन कोमट पाण्यात साबणानं धुऊन रिळावर न ठेवता सैल वेटोळ्यात टांगा. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून ओढून बघा. तंतू जिथं अडकला तिथं कडीला खाच पडलेली आहे. ती कडी बदलून घ्या, नाहीतर पुढच्या हंगामात नवी लाईनही तिथंच कापली जाईल.