कॅश आयसा उघडताना मी काय काय बघते

ह्यांच्या पगाराच्या स्लिपवर टॅक्स कोड कायम १२५७ एल असायचा, म्हणजे वर्षाच्या पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. एका महिन्यात आकडा उतरलेला दिसला आणि हातात आलेला पगारही थोडा कमी. मला वाटलं, ऑफिसात कुणीतरी घोळ घातला. घोळ आमचाच होता. ह्यांच्या नावावर ३०,००० पौंड साध्या सेव्हिंग्ज खात्यात ४ टक्क्यांनी पडून होते, म्हणजे वर्षाला १,२०० पौंड व्याज. बँक हे व्याज परस्पर एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, कळवते. हे ४० टक्के करवाले, त्यांना व्याजातले पहिले ५०० पौंडच माफ. उरलेल्या ७०० वर २८० पौंड कर झाला आणि तो गुपचूप पगारातून वळता होऊ लागला.

स्लाउमध्ये संसार थाटून तेव्हा आठ वर्षं झाली होती. पैशांचा व्यवहार माझ्याकडे, कारण कोल्हापूरला आई भिशी चालवायची आणि तिची वही मी लिहायचे. त्या २८० पौंडांनी मला आयसाकडे नेलं.

आयसा म्हणजे इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट. १९९९ च्या एप्रिलपासून ब्रिटनमध्ये आहे. कॅश आयसात पैसे नुसते व्याजावर राहतात, शेअर्सचा आयसा वेगळा. एका करवर्षात, म्हणजे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, प्रत्येकाला २०,००० पौंडांपर्यंत त्यात टाकता येतात. त्यावरच्या व्याजाला कर नाही, पुढे रक्कम कितीही फुगली तरी. मी ह्याला झाकणाचा डबा म्हणते. पैसे डब्यात आहेत तोवर कराची मुंगी शिरत नाही. डबा वर्षभरात पूर्ण भरला नाही, तर उरलेली जागा पुढच्या वर्षाला मिळत नाही.

पण सगळ्यांनाच डबा लागतो असं नाही, आणि हे कुठली बँक सांगत नाही. २० टक्के करवाल्याला व्याजाचे १,००० पौंड तसेही माफ असतात. ४ टक्के दराने तेवढं व्याज यायला २५,००० पौंड साठवावे लागतील. ४० टक्केवाल्याची हीच मर्यादा १२,५०० वर संपते. ४५ टक्केवाल्याला माफी शून्य.

माझं आणखी वेगळं. मी फार्मसीत आठवड्याला २२ तास काम करते, वर्षाचा पगार १४,००० पौंड. ज्यांचा पगार १७,५७० च्या खाली आहे त्यांना व्याजासाठी ५,००० पौंडांपर्यंत जादा सूट मिळते. पगार १२,५७० च्या वर जितका जाईल तितकी ती घटते. माझा पगार १,४३० ने वर, म्हणून सूट राहिली ३,५७०. त्यात नेहमीचे १,००० मिळवले की ४,५७० पौंड व्याजापर्यंत मला एक पैसा कर नाही. मग तेच ३०,००० पौंड माझ्या नावावर असते तर? कर शून्य. नवरा-बायकोत पैसे दिले-घेतले तर इथे त्यावर करही लागत नाही. ह्यांना हे पटायला दोन रविवार लागले, त्यातला एक मिसळीवर खर्ची पडला. शेवटी ठरलं असं: ह्यांच्या नावाने आयसा, आणि माझ्या नावाने ज्या साध्या खात्याचा दर सगळ्यात चढा, ते. जोडखातं आयसात नसतंच, डब्यावर नाव एकाच माणसाचं.

भारतातल्या व्याजाचाही हिशोब ह्यातच धरायचा. कोल्हापूरच्या बँकेतली एनआरई एफडी, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांची मुदत ठेव, करमुक्त, हे आपल्याकडे सगळे छातीठोकपणे सांगतात. ती भारतात करमुक्त. तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असाल तर ब्रिटन त्यावर कर लावतं, पीपीएफच्या व्याजावरसुद्धा. नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती घेतली तर १२,५७० ची मूळ सूट हातची जाते, तेव्हा आकडे मांडून बघा. आम्ही हे सगळं उशिरा शिकलो.

आता खातं निवडायचं. दरांची यादी उघडली की डोळा सगळ्यात वरच्या आकड्यावर जातो. तिथे थांबून बारीक अक्षर वाचायचं. वरच्या दरात बऱ्याचदा बारा महिन्यांचा बोनस मिसळलेला असतो. तो संपला की दर धाडकन पडतो, आणि बँकेला तुमच्या विसराळूपणावर भरवसा असतो. मी बोनस संपायची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहिते. दुसरी खोच पैसे काढण्याची: काही खात्यांत वर्षातून तीनदाच काढता येतात, चौथ्यांदा काढले की दर घसरतो. फिक्स्ड आयसात पैसे मुदतीआधी निघतात, पण काही महिन्यांचं व्याज कापून. सहा-आठ महिन्यांच्या खर्चाइतके पैसे मी कधीच फिक्स्डमध्ये टाकत नाही. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी तिकिटं एका रात्रीत काढावी लागली होती.

तिसरं, खातं ‘फ्लेक्सिबल’ आहे का ते बघा. असेल तर काढलेले पैसे त्याच करवर्षात परत टाकता येतात आणि २०,००० ची मर्यादा दुसऱ्यांदा खर्च होत नाही. चौथं, जुन्या आयसातले पैसे ही बँक घेते का. चढ्या दराची कितीतरी खाती घेत नाहीत.

सुरक्षिततेचं म्हणाल तर १ डिसेंबर २०२५ पासून बँक बुडाली तर माणशी १,२०,००० पौंडांची हमी आहे, आधी ८५,००० होती. मात्र ही हमी बँकेच्या परवान्यामागे, पाटीमागे नाही. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एकाच परवान्याखाली येतात, एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्टही तसेच, म्हणजे दोन्हीकडे मिळून हमी एकच.

खातं ऑनलाइन उघडायला दहा मिनिटं पुरतात: नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथल्या सरकारने दिलेला तुमचा क्रमांक), जन्मतारीख, पत्ता आणि ज्या खात्यातून पैसे येणार त्याचा तपशील. आपलं अडतं ते नावात. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर कुठे नवऱ्याचं, कुठे आडनाव बदललेलं, नॅशनल इन्शुरन्सला तिसरंच. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा अर्ज ह्याच कारणाने दोनदा परत आला. आधी सगळीकडे एक नाव करून घ्या. आणि भारतीय पासपोर्ट असला तरी इथल्या मतदार यादीत नाव घाला. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला तो हक्क आहे, आणि बँका पत्ता पडताळताना ती यादी बघतात. नाहीतर बसा विजेची बिलं स्कॅन करत.

एप्रिल २०२४ पासून एका वर्षात दोन-तीन कॅश आयसा उघडता येतात, बेरीज २०,००० च्या आत असली म्हणजे झालं.

आता माझा मोठा मूर्खपणा. २०२५ च्या मार्चमध्ये ह्यांच्या जुन्या आयसाचा दर पडला. मी ‘विथड्रॉ’ दाबून १८,००० पौंड चालू खात्यात घेतले, म्हटलं नवीन बँकेत टाकू. त्या वर्षी १५,००० आधीच दुसऱ्या आयसात टाकून झाले होते. जागा उरली होती फक्त ५,००० ची आणि जुनं खातं फ्लेक्सिबल नव्हतं. १३,००० डब्याबाहेर राहिले. ६ एप्रिलला नवीन वर्षाच्या मर्यादेतून ते आत घातले, पण त्या वर्षीची तेवढी जागा त्यातच गेली. एकच बटण चुकलं होतं. पैसे हलवायचे असतील तर स्वतः काढायचे नाहीत. नव्या बँकेकडे आयसा ट्रान्सफरचा फॉर्म भरायचा, ती जुन्या बँकेकडून मागून घेते. कॅशमधून कॅशमध्ये जायला कामाचे १५ दिवस लागू शकतात. मधल्या काळात पैसे दिसत नाहीत, पोटात गोळा येतो, पण येतात.

मर्यादाही बदलणार आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या बजेटात जाहीर झालं की ६ एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना कॅश आयसात वर्षाला १२,००० च टाकता येतील. २०,००० पर्यंतची उरलेली जागा शेअर्सच्या आयसासाठी. व्याजावरचा करही त्याच महिन्यापासून दोन टक्क्यांनी वाढणार, म्हणजे ह्यांचे ४० चे ४२ होणार. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी एप्रिल २०२७ आधीची जागा रिकामी सोडू नये. आणि ५ एप्रिलच्या रात्री बसू नका, त्या तारखेपर्यंत पैसे खात्यात पोहोचलेले लागतात. मी पंधरा मार्चला उरकते.

कायमचं परत जायचा बेत असेल तर एवढं धरून चला: ज्या करवर्षात ब्रिटन सोडाल त्यानंतर आयसात नवीन पैसे टाकता येत नाहीत. असलेले राहू शकतात, ब्रिटन त्यावर कर लावत नाही. पण भारतात तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की तिथल्या आयकर खात्याला हा डबा डबा वाटत नाही, व्याज उत्पन्नात दाखवावं लागतं. आमचा बेत अजून ठरायचाय, म्हणून ह्यांचे पैसे सध्या एका वर्षाच्या फिक्स्डमध्ये आहेत, दोन वर्षांच्या नाहीत.