डिकीतला सबवूफर बॉक्स: या चुका टाळा

सबवूफर म्हणजे गाण्यातला खालचा, जाड आवाज (बेस) काढणारा मोठा स्पीकर; आम्ही नुसतं वूफरही म्हणतो. "बॉक्स झाला, पण बेस येत नाही," म्हणत कुणी आलं की मी ॲम्प्लिफायरकडे बघतही नाही, आधी टेप काढतो. खोट बहुधा मापातच निघते.

बाहेरचं माप धरून लिटर मोजणं, ही सगळ्यांची लाडकी चूक. बाहेरून ४५० बाय ३५० बाय ३०० मिलिमीटरचा बॉक्स कागदावर ४७ लिटरचा दिसतो. पण १८ मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) लावलं की लांबी, रुंदी, उंची तिन्हींतून ३६-३६ मिलिमीटर जातात आणि आत उरतात जेमतेम ३४ लिटर. वूफरचं मॅग्नेट आणि बास्केट, म्हणजे त्याचा सांगाडा, त्यातले दोन-तीन खातं. सीलबंद बॉक्स असेल तर एवढं खपून जातं. पोर्टवाल्यात, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या बॉक्सात, मात्र ४७ लिटर धरून ३५ हर्ट्झच्या सुराला जुळवलेला पोर्ट ३१ लिटरमध्ये थेट ४३ हर्ट्झच्या आसपास जातो. मग प्रत्येक गाण्यात तोच एक सूर घुमत राहतो आणि मालक म्हणतो, "वूफरच भंगार निघाला." वूफर बिचारा ठीक असतो.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. माझा पहिला बॉक्स जुन्या सेडानसाठी होता. डिकी आतून मापली, दोन संध्याकाळी खपून बॉक्स जोडला, फेविकॉल सुकू दिला, वर कार्पेट चढवलं. आत घालायला गेलो तर डिकीचं तोंड दोन बोटं कमी! आडवा केला, तिरका केला, मागची सीट काढून आतून घालून पाहिला. शेवटी त्याच बॉक्सवर करवत चालवली. तेव्हापासून लाकडाला हात लावण्याआधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नकली बॉक्स चिकटवतो आणि तो डिकीत घालून झाकण लावून बघतो. सेडानच्या झाकणाचे वाकडे दांडे बंद होताना खाली येतात, तेही तेव्हाच कळतं. बॉक्स जागेवर असताना स्टेपनी निघते का, हेही बघा. पंक्चर रात्री घाटातच होतं. ज्यांना पुठ्ठा म्हणजे वेळ वाया घालवणं वाटतं, त्यांनी खुशाल माझी करवत घेऊन जावी.

सुताराला "बारा इंची स्पीकर आहे" एवढंच सांगू नका. तो बरोब्बर बारा इंचाचं भोक पाडतो आणि स्क्रूला लाकूडच उरत नाही. कटआउट, म्हणजे वूफर बसायचं भोक, साधारण अकरा इंचांचं असतं. वूफर हातात आल्याशिवाय भोक नाही.

एमडीएफच्या कडेत ड्रिल न करता स्क्रू मारला की ती फाटते.

बॉक्स पट्ट्यांनी गाडीला आवळा. वूफर धरून पंधरा-वीस किलोचा ऐवज ब्रेक मारल्यावर मागच्या सीटला भेटायला येतो.

सांधे बुजवायला सिलिकॉन लावलं की एक पूर्ण दिवस थांबा. त्याची व्हिनेगरसारखी वाफ वूफरला बाधते, पण नवशिक्यांना त्याच रात्री गाणं ऐकायचं असतं.

गळती शोधायला मी अगरबत्ती वापरतो. बारीक आवाजात ३० हर्ट्झचा सूर लावायचा, अगरबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. धूर थरथरला की तिथे फट. शेजारचे अजून विचारतात, आज कसली पूजा?