अर्ज दे, पण आवक क्रमांक घेतल्याशिवाय मागे फिरू नकोस

मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते आणि तीन-तीन वर्षांच्या दोन मुदती लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर शिक्षकेतर सदस्य म्हणून बसले. मुली प्राचार्यांच्या केबिनकडे जाण्याआधी माझ्या काउंटरपाशी यायच्या. पुस्तक मागायच्या, ते मिळालं तरी हलायच्या नाहीत, आय-कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत उभ्या राहायच्या. त्यांना जे सांगत आले तेच इथे लिहितेय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी तातडीचं. बलात्कार किंवा शारीरिक हल्ला झाला असेल तर समिती नंतर. ११२ ला फोन कर, नाहीतर मैत्रिणीला घेऊन थेट दवाखाना गाठ. सरकारी असो की खासगी, रुग्णालयाला बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करावेच लागतात. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून परत पाठवता येत नाही. पोलिसांना कळवण्याचं कामही रुग्णालयाचंच. जमलं तर तपासणीआधी अंघोळ करू नकोस आणि कपडे न धुता कागदी पिशवीत ठेव, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. अंघोळ झाली असली तरी जा. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. आणि वय अठराच्या आत असेल (पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतातच) तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो. मग ज्याला कळलं त्याला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘कॉलेजातच मिटवू’ असं कुणी म्हणालं तर ते बेकायदा आहे.

आता समितीकडे वळू. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आणि त्यानंतर आलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम, या दोन्हींमुळे प्रत्येक कॉलेजात अशी समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ शिक्षिका, दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. निम्म्या तरी बायका हव्यात. विभागप्रमुख, डीन, कुलसचिव यांना समितीवर बसता येत नाही, म्हणजे ज्यांच्या हातात तुझे इंटर्नल मार्क असण्याची शक्यता जास्त तेच बाहेर. सदस्यांची नावं बोर्डावर शोध. कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की तो बोर्ड नव्याने रंगतो, एरवी त्यावर बदली होऊन गेलेल्या बाईंचंही नाव सापडतं. नावं जुनी असतील तर कार्यालयात लेखी विचार.

‘कॉलेजच्या बाहेर झालं, मग चालेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. चालेल. सहलीची बस, एनएसएसचं शिबिर, इंडस्ट्रियल व्हिजिट, इंटर्नशिप, दुसऱ्या कॉलेजातला युवा महोत्सव, वसतिगृह, कॉलेजची गाडी, हे सगळं विनियमांच्या लेखी आवारच. स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही. अश्लील शेरे, नको असताना येणारे मेसेज, क्लिप दाखवणं, ‘ऐकलंस तर पास, नाहीतर बघ’ अशी आडून दिलेली सूचना, सगळं छळच. मुलगा असशील किंवा तृतीयपंथी असशील तरी दार बंद नाही. विनियमांत त्यांचाही उल्लेख आहे, आमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं.

अर्ज कसा लिहायचा यावर जरा थांबते, कारण इथेच बरीच प्रकरणं घसरताना पाहिली.

एका मुलीने दोन पानं भरून अर्ज आणला. त्यात घटना दीड ओळीची: ‘सरांनी माझ्याशी अत्यंत हीन दर्जाचे गैरवर्तन केले आहे.’ उरलेलं सगळं ‘आपण योग्य तो न्याय द्याल अशी नम्र विनंती’ छापाचं. कुणा सीनियरने सांगितलं आणि तिने लिहिलं, असं दिसत होतं. समोरच्याने उत्तर दिलं, ‘शिस्तीसाठी मी तिला रागावलो होतो.’ झालं, दोन मोघम वाक्यं समोरासमोर उभी. नंतर हळूहळू विचारलं तेव्हा कळलं, व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) दिवशी सगळ्यात शेवटी तिला थांबवलं, लॅबचं दार लोटलं, जर्नलवर सही करताना तिचा हात दाबून धरला आणि ‘मार्कांचं आपण बघू’ असं म्हटलं. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

तेव्हा विशेषणं काढून टाक. कधी, कुठे, कोण, काय केलं, काय म्हणाला, तू काय म्हणालीस, जवळ कोण होतं. त्याचे शब्द आठवतील तसेच लिही, घाणेरडे असले तरी. ते लिहिताना लाज वाटते, हात थांबतो, मला ठाऊक आहे. मैत्रिणीला सांग आणि तिला लिहू दे, सही तुझी. तारीख आठवत नसेल तर ‘दुसऱ्या युनिट टेस्टच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासानंतर’ असं लिहिलं तरी चालतं. चुकीची तारीख ठामपणे लिहिण्यापेक्षा ते बरं. मराठीत लिही, इंग्रजीची गरज नाही.

चॅट डिलीट करू नकोस, स्वतःची उत्तरंसुद्धा. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या मेलवर पाठव. त्या रात्री रूममेटला ‘आज फार वाईट झालं’ असा मेसेज केला असशील तर तोही जप. घटनेनंतर लगेच कुणाला सांगितलं, हे समितीपुढे वजनदार ठरतं.

मुदत तीन महिन्यांची, शेवटच्या घटनेपासून मोजायची. आणखी तीन महिने समिती देऊ शकते, पण उशिराचं कारण पटलं पाहिजे. ‘सेमिस्टर संपू दे, मग बघू’ म्हणून थांबलेल्या मुली परीक्षा आणि सुट्टी धरून तीन महिन्यांच्या बाहेर गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता आवक क्रमांक. पोस्टाने किंवा मेलने आलेलं पत्र जसं रजिस्टरला चढतं तसा तुझा अर्ज चढला पाहिजे, कारण सगळी घड्याळं त्या दिवसापासून चालू होतात. सात दिवसांत त्याची प्रत समोरच्याला, दहा दिवसांत त्याचं उत्तर, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण, पुढच्या दहा दिवसांत अहवाल. अहवालाची प्रत तुलाही मिळाली पाहिजे. मग कॉलेजने तीस दिवसांत कारवाई करायची आणि निकाल पटला नाही तर अपिलालाही तीसच दिवस. आमच्याच समितीत एक अर्ज अध्यक्षबाईंच्या खणात बारा दिवस पडून होता. आवक क्रमांक नव्हता, म्हणून ‘कालच मिळाला’ असं म्हणता आलं. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून टोचतं.

खिडकीवरचे क्लार्क ‘काय आहे अर्जात?’ विचारतात. त्यांना दाखवायची गरज नाही. एक ओळीचं वेगळं पत्र लिही: ‘सोबत अध्यक्ष, अंतर्गत समिती यांच्या नावे बंद पाकिटात गोपनीय अर्ज सादर.’ त्या पत्राच्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घे. त्याच दिवशी अध्यक्षांना मेलही कर.

याच अर्जात अंतरिम दिलासा माग. ही सोय असते हेच मुलांना माहीत नसतं. चौकशी चालू असताना त्याला तुझे पेपर तपासता येऊ नयेत, तुझी किंवा त्याची तुकडी बदलावी, तीन महिन्यांपर्यंत नुकसान न होता रजा मिळावी, त्याला तुझ्यापासून लांब राहण्याची ताकीद मिळावी आणि धोका असेल तर आवारातच येऊ देऊ नये, हे सगळं समिती सुचवू शकते. मागितलं नाहीस तर आपणहून कुणी देईल याची खात्री नाही.

सुनावणीत तुझा जबाब लिहून घेतील. वाचल्याशिवाय सही नको. ‘असं मी म्हटलं नाही’ वाटलं तर तिथेच दुरुस्त करायला सांग. कुणी कपड्यांबद्दल किंवा जुन्या मित्रांबद्दल विचारलं तर ‘हा प्रश्न कार्यवृत्तात लिहा’ एवढंच म्हण, बहुतेक वेळा प्रश्नच विरतो. एखादा सदस्य समोरच्याचा जवळचा असेल तर आधीच लेखी कळव.

मग येतात समजवायला. त्याचं करिअर, तुझं लग्न, कॉलेजचं नाव. समेट फक्त तू मागितलास तरच, आणि पैसे घेऊन तर नाहीच, हे विनियमांतच आहे. ‘खोटी ठरली तर तुलाच शिक्षा’ हेही ऐकशील. आरोप सिद्ध न होणं म्हणजे तक्रार खोटी असणं नव्हे, तेवढ्यावरून कुणी कारवाई करू शकत नाही. घरी सांगायचं का, हे अठरा पूर्ण असतील तर तूच ठरव आणि तसं समितीला लिहून दे.

प्राचार्यांविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात. समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असं अजिबात नाही. पाठलाग, चोरून चित्रीकरण, विनयभंग हे भारतीय न्याय संहितेतले गुन्हे आहेत. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवेला फोन कर, बायकांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास असते. १८१ ही महिला हेल्पलाइन.

मैत्रीण म्हणून कुणासोबत जात असशील तर उलटतपासणी घेऊ नकोस. बाहेर बाकावर बस, तिचा फोन चार्ज आहे ना बघ.

आणि एक. अर्जाची झेरॉक्स ग्रंथालयाच्या मशीनवर काढू नकोस, बाहेर काढ. आमच्याकडचा मुलगा स्वभावाने चांगला होता, पण प्रत बाहेर येईपर्यंत मूळ पान वाचून काढायचा.